आपोर्ट

सगळ्यात आधी मी मेंढीवर आळ घेतला.
एकसष्टाव्या वर्षी दुसरं कोण असणार?
मग घोडीच्या आंबवलेल्या दुधावर,
मग तळलेल्या बाउर्साकांवर,
मग चहात पडणाऱ्या सायीवर.
एकेक सोडत गेले.
पोट मात्र रात्री दोनला
जुन्या ट्रकसारखं घाट चढत राही,
गिअर बदलत, धापा टाकत,
आणि ओराल्बेक भिंतीकडे तोंड करून विचारी,
"कुल्याश, कुत्रा आत आलाय का?"

त्याच्या पुतण्याच्या लग्नात
माझ्यापुढे मानाचं मांस आलं.
मी नको म्हटलं.
टेबलावरचे सगळे चमचे एकदम थांबले.
थोरल्या जाऊबाई बाल्झान
तेव्हापासून माझ्याशी
फक्त हवामानाबद्दल बोलतात.

आणि या सगळ्या काळात, रोज,
सकाळी एक, दुपारी एक,
रात्री पोटाला हलकं म्हणून तिसरं:
सफरचंद.

त्याच्यावर कोण संशय घेईल?
छत्तीस वर्षं मी त्याच डोंगरउतारावर कलमं बांधली.
चाकूच्या खुणा अंगठ्यावर अजून मोजता येतात.
गावाच्या वेशीवर सिमेंटचं सफरचंद आहे,
माणसाहून उंच,
बर्फ वितळलं की दरसाल त्याला लाल रंग देतात.
दवाखान्यातली पोरगेली डॉक्टरीण म्हणाली होती,
"फळं खा, अपा. खाल तितकी चांगलीच."
मी हसले होते.
कुणाला सांगतेस, बाई.

जानेवारीत मुलीकडे गेले, अक्ताउला.
तिथे समुद्र आहे, वाळू आहे,
झाड असेल तर ते पाहुण्यासारखं अवघडून उभं असतं.
दुकानात मेण चोपडलेली सफरचंदं होती,
परदेशी, सगळी एका मापाची.
मी त्यांना हात लावला नाही.
पथ्य म्हणून नव्हे, गर्वानं.

मुलीनं मटण शिजवलं. लाजत खाल्लं.
साय खाल्ली. बाउर्साक सात.
आणि नऊ रात्री पोट गप्प.
इतकं गप्प, की शेजारचं रोजचं भांडण
अचानक थांबल्यावर
माणूस कान लावून पडतो, तशी मी जागी.

तरी कळलं नाही.
वाटलं, समुद्राची हवा.

घरी परतले, बूट न काढता तळघरात उतरले.
गवतात निजवलेले आपोर्ट.
तो वास जिन्यातच गाठतो.
उभ्यानं एक खाल्लं, बियांसकट.
तासाभरात ट्रक सुरू झाला.

मग मी काय करावं?
दुसरं खाल्लं.
खात्री करायला नव्हे.
तो निर्दोष ठरावा म्हणून.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात,
मी तर तीन-चार संन्यासी लटकवले,
आणि चोराला रोज आपल्या हातानं
फडक्यानं पुसून
बशीत बसवत होते.

डॉक्टरीण म्हणाली, फळातली साखर,
काही आतड्यांना उतारवयात पेलत नाही.
"सफरचंद वाईट नाही, अपा. तुम्हीही नाही."
तोडगा असा,
की कुणावर रागावायचीही सोय उरली नाही.
ओराल्बेक तेवढा हसला. बराच वेळ.
मग उठून बशी कपाटावर ठेवली,
जिथे माझा हात पोचत नाही.

रविवारी बाल्झानकडे गेले.
माफी वगैरे मागितली नाही, नुसती बसले,
आणि समोर आलेलं सगळं मांस
हाडापर्यंत साफ केलं.
जाऊबाई बघत होत्या.
मग पहिल्यांदाच हवामान सोडून बोलल्या,
"खूप खाल्लंस. घे, पोटाला हलकं,"
आणि सोललेलं, चार फोडी केलेलं
माझ्याच कलमाचं आपोर्ट
माझ्यापुढे सरकवलं.

चमचे पुन्हा थांबले.

मी फोडी रुमालात बांधल्या,
म्हटलं, वाटेत खाईन.
घरापर्यंतच्या चढावर
कोटाच्या खिशात त्या
पावलागणिक मांडीवर आपटत होत्या,
हळू, ओल्या,
आणि मी दर वळणावर थांबून
रुमाल नाकाशी नेत होते.